डाव्या हाताला काम मिळालं

आम्ही स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा रोलिंग मिलमध्ये होते. आई भजनी मंडळात गायची आणि मी तिच्या साथीला पेटी वाजवायचे. कॉलेजात गेले तरी ते सुटलं नव्हतं.

शेजारी एक मल्याळी आंटी राहत, दवाखान्यात नर्स होत्या. त्यांच्या भावानं दुबईहून कीबोर्ड आणला तेव्हा त्यांनी मला हाक मारली, "आओ, बजाओ!" मी भजन सुरू केलं. उजवा हात पट्ट्यांवर, आणि डावा सवयीनं भाता शोधत हवेतच हलतोय! आंटी पोट धरून हसल्या. मग त्यांनी एक कॅसेट लावली. जॅझ, फंक हे शब्द मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकले. खाली खर्जात बेस उड्या मारत चाललेला, वर पियानो त्याच्याशी लाडानं भांडतोय. माझा डावा हात त्या बेसच्या मागे लागला तो लागलाच. कॉलेजातून आले की आधी आंटींकडे, मग घरी.

बाबा वैतागले. "हे कावून वाजवून राहिली तू? ना भजन, ना गाणं."

"मले मजा येते, बाबा."

"मंग वाजव," म्हणाले, आणि रेडिओ मोठा केला.

त्या वर्षी गणपतीत कॉलनीच्या ऑर्केस्ट्राचा बेस गिटारवाला प्लांटमध्येच अडकला. पुढच्या पाळीचा त्याचा रिलीव्हर आलाच नाही. आंटींनी मला स्टेजकडे ढकललं. मी म्हटलं, "बेस मी वाजवते, कीबोर्डवर."

ड्रमवाला हसला. "पेटीवाली दीदी? चलो, देखते हैं."

दुसऱ्या गाण्याला त्याचं हसू बदललं. तो माझ्याकडे बघून ठेका मोडायचा, मी तो झेलायचे. आईच्या भजनी मंडळातल्या काकू खुर्च्या सोडून उभ्या राहिल्या. मागे बाबा टाळ्या वाजवत होते, त्याही नेमक्या उलट्या ठेक्यावर, फंकला हव्या तशा!

पुढे त्याच ड्रमवाल्यासोबत रायपूरला, मग नागपूरला कार्यक्रम झाले. वाजवणं हेच माझं काम झालं. नागपूरच्या हॉटेलात पहिल्यांदा निव्वळ जॅझ वाजवायला गेलो, तेव्हा बाबा रजा टाकून सोबत आले. दारात मॅनेजरनं अडवलं, "आप कौन?"

बाबांनी कीबोर्डचा स्टँड खांद्यावर नीट घेतला. "मैं बँड में हूँ," म्हणाले आणि सरळ आत गेले.