सावंतकाकांच्या डोक्यावरची भाजी

मनवेलपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर भाजी बेतानेच उगवते. किस्से मात्र न पेरता उगवतात. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केले आहे, एवढ्याच आधारावर बागेची जबाबदारी माझ्याकडे आली. त्यामुळे प्रत्यक्ष पाहिले तेवढेच सांगते.

सेक्रेटरी सावंतकाका गच्चीच्या बरोबर खाली राहतात. परवानगी देताना त्यांनी एकच अट घातली. “माझ्या छताला ओलीचा एक डाग दिसला, की सगळ्या कुंड्या खाली!” अंतिम निर्णय पावसाळ्यानंतरच्या सभेत व्हायचा होता. आम्ही कुंड्या विटांवर ठेवल्या. काका दर रविवारी स्टुलावर चढून टॉर्चने छत तपासू लागले.

*

कंपोस्टसाठी मी घरोघरी भाज्यांची साले मागितली. पहिल्या मजल्यावरच्या राऊतकाकूंनी ती धुऊन, पुसून, स्टीलच्या डब्यातून आणली.

“काकू, हे कुजवायचे आहे!”

“हो गं, पण आपल्या घरून जाताना नीट नको का जायला?”

*

कुंड्यांत पाणी जास्त होऊ नये, म्हणून मी नियम सांगितला: बोट दोन पेरे मातीत घाला, कोरडे लागले तरच पाणी घाला. आठवड्याभरात दारापाशी ठेवलेले मिरचीचे रोप कोलमडले. चौकशी केली, तर येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच कुंडीत बोट खुपसून खात्री करून घेत होता!

“पाणी मात्र एकानेही घातलं नाही हं,” राऊतकाकू अभिमानाने म्हणाल्या.

*

काकूंच्या मैत्रीण मर्सीमावशी वसईकडच्या गावातून आल्या. घरची भातशेती, भाजीचा मळा. मी त्यांना माझा उन्हाचा तक्ता दाखवला: कोणत्या कुंडीला किती तास ऊन, सगळे रंगांत.

मावशींनी तो नीट पाहिला. मग पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभ्या असलेल्या वांग्याकडे पाहिले.

“बाय, कागद चांगला हाय. पन यो वांग्याला दाखवलास का?”

त्याच दुपारी वांग्याची कुंडी उन्हात हलवली. तक्ता अद्याप सुधारलेला नाही.

*

अखेर सभेचा दिवस उजाडला. सावंतकाका कागद घेऊन उभे राहिले.

“छताला डाग नाही,” ते म्हणाले. कोणीतरी टाळी वाजवली. “थांबा! गच्चीवरचा दुधीचा वेल कठड्यावरून उतरून माझ्या किचनच्या ग्रिलमध्ये शिरला आहे. महिना झाला. याची नोंद व्हायला हवी!”

मी घाईघाईने उठले. “काका, क्षमा असावी. आजच छाटते.”

“खबरदार हात लावलास तर! तिसरा दुधी अजून कोवळा आहे!”