शिस्तीनं चुकणारे सुभेदारकाका

माझी नोकरी राखली ती आष्ट्याच्या सुभेदारकाकांनी, हे आधी सांगून टाकतो. आणि इतका शिस्तीनं चुकणारा माणूस सातारा-सांगली पालथी घातली तरी मिळायचा नाही, हेही. काका म्हणजे माझ्या मावशीचे दीर. उमेदीची सगळी वर्षं फौजेच्या सिग्नल दलात, वायरलेसवर गेली, कॉम्प्युटरही तिथंच शिकले. घरात चहा झाला तरी ते हजेरी घेऊन कप वाटतात. फोनवर आपलं बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं, नाहीतर ते पुढं बोलतच नाहीत. एकदा मावशी विसरली, तर दोघंही कितीतरी वेळ कानाला फोन लावून गप्प! मावशी म्हणते, "आमचं भावजी मंगलाष्टका संपल्यावर बी ओव्हर म्हणालं आसतील."

मी म्हसवडकडचा, नववीतून शाळा सुटलेला. सांगलीच्या एका हळदीच्या पेढीचं तमिळनाडूत ईरोडला गोदाम आहे, तिथं असतो. इथं पाणी मागायचं तरी हातवारे करावे लागतात. नोकरीला लागताना 'कॉम्प्युटर येतो' असं दडपून सांगितलं होतं, त्याची धास्ती रोज असायची. मालाच्या नोंदी सांगलीच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर. त्या मशीनला ना चित्रं, ना माऊस. काळ्या पडद्यावर इंग्रजीत हुकूम टाइप करायचे. ते जाणणारा माणूस सोडून गेला, तसा सांगलीचा मॅनेजर म्हणाला, "येतं म्हणाला होतास ना? मग सोमवारी त्या मशीनचा डेस्कटॉप तुझ्या गोदामात दिसला पाहिजे, माऊसनं चालला पाहिजे. नाही जमलं तर सामान बांध."

रविवारी सकाळी मी काकांना फोन लावला. ते एकेक अक्षर सांगायचे, मी ईरोडहूनच त्या सर्व्हरला जोडलेल्या काळ्या पडद्यावर टाइप करून परत वाचून दाखवायचो. "मधी जागा सोडलीस का? सोडली म्हण. ओव्हर." डेस्कटॉप चढला, तो लांबून दाखवणारा प्रोग्रॅमही चढला. राहिली फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारी भिंत. "आधी ती लाव," काका म्हणाले. "फौजेत आधी गेट बंद करत्यात गड्या, मग वळख पटवून एकेक माणूस आत घेत्यात." मशीननं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "काका, व्हय का न्हाई इचारतंय. ओव्हर."

"मग व्हय म्हण की! इचारतंय म्हंजे शिस्तीचं हाय!"

मी होकार दिला आणि पडदा थिजला. गेट बंद झालं होतं आणि आपली वाट आधी मोकळी ठेवायची राहिल्यानं आम्ही दोघंही बाहेर. आता मशीनसमोर बसल्याशिवाय ते उघडणार नव्हतं. काका म्हणाले, "चुकलो रं पोरा." त्यापुढं ओव्हर नव्हतं.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी ते आष्ट्याहून स्कूटरवर सांगलीत हजर. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. दोन तास त्यांना व्हरांड्यात उभं ठेवलं. मग मॅनेजरचा फोन आला, "तुझं नाव सांगणारा हा म्हातारा कोण? तुला येत नाही म्हणून पाठवलाय का?"

मी म्हणालो, "नाही साहेब. वायरिंगवाला आहे. वायर तपासायला सांगितलंय."

"ए वायरिंगवाल्या, बूट बाहेर काढ," मॅनेजर फोन न ठेवताच ओरडला. मी फोन कानाला धरूनच होतो. काकांचे गुडघे दुखतात. खाली बसून लेस सोडायला त्यांना वेळ लागतो.

तासाभरात ईरोडच्या माझ्या पडद्यावर सांगलीचा डेस्कटॉप उघडला. मी माऊस हलवला, तिकडचा बाण हलला. मॅनेजर म्हणाला, "शाबास, शिकलास की!" ती शाबासकी मी घेतली. अजून जाळते.

संध्याकाळी काकांना म्हणालो, "काका, मी तुमाला वायरिंगवाला म्हणालो."

"आरं, मग सुभेदार म्हणला आस्तास तर त्यो काय सलामी देनार हुता व्हय? तुझी नोकरी ऱ्हायली न्हवं?" ते हसले. मग हळूच म्हणाले, "मावशीला तेवढं सांगू नगंस. तिला लय लागंल."

मावशीला सांगितलं नाही, पण इथं लिहितोय. काका, एक दिवस तुम्हाला त्याच ऑफिसात घेऊन जाईन, पायांत बूट असतानाच, आणि त्या माणसासमोर म्हणेन, हे माझे काका, आणि मला जे येतं ते यांचं आहे. एवढी हिंमत गोळा होईपर्यंत मात्र थांबा.