दहा नंबरच्या गालातला खर्रा

खर्रा घोटण्याचा आवाज आला की मी उठून लांब जाऊन बसतो. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना टाकायचा, ती पन्नी तळहातावर घासघास घासायची आणि आतला चिखल सगळ्या मंडळींपुढे धरायचा. लग्न असो की मयत, आमच्या चामोर्शीकडे पाहुण्यापुढे पाण्याच्या आधी हे येतं. नको म्हटलं की समोरचा असं तोंड पाडतो, जसं काही आपण त्याच्या घरचं जेवण नाकारलं. मग सगळे मिळून पचापच थुंकतात. एसटीच्या खिडकीतून, दवाखान्याच्या जिन्यात, जिन्यात देवांच्या फरशा बसवल्या असतील तर त्यांना जेमतेम चुकवून. मी मास्तर आहे. पोरांना स्वच्छतेचा धडा शिकवून फाटकाबाहेर पडलो की तिथल्या तांबड्या सड्यातून चप्पल उचलून चालावं लागतं.

आणि ही घाण मला पहिल्यांदा आवडली होती, कारण ती आमच्या दहा नंबरच्या गालात होती.

तेव्हा मी नववी-दहावीत असेन. धान निघालं की गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर फुटबॉलचे सामने व्हायचे. पहिलं बक्षीस बोकड. तो सामने संपेपर्यंत पाहुण्यांच्या खुर्च्यांमागे बांधलेला असायचा. आमच्या टीमची दहा नंबरची जर्सी त्याची, म्हणून तो दहा नंबर; माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा, घरची थोडी शेती, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, पानांचे पुडे मोजून घेतात तिथं, काम. अनवाणी खेळायचा. त्याला घाई माहीतच नव्हती. डाव्या अंगानं चेंडू घेऊन यायचा आणि तळपायाखाली दाबून चक्क उभा राहायचा. समोरचा बॅक डोळे वटारून वाट बघतोय, आणि हा निवांत खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवतोय. एक पिंक टाकायचा. बॅकचा धीर सुटला, तो अंगावर आला की दहा नंबर त्याच्या बाजूनं निघून गेलेला असायचा. त्यानं गाल बदलला की मैदानाभोवतीचं गाव आधीच ओरडायला लागायचं. असं खेळताना मी पुन्हा कुणाला पाहिलं नाही. टीव्हीवरसुद्धा नाही.

गावानं मात्र त्यातून भलताच अर्थ काढला. सगळ्यांची खात्री पटली की खेळ खर्र्यात आहे. हाफटाइमला त्याच्यासाठी कोण घोटणार यावर भांडणं व्हायची. बघता बघता आख्खी टीम गाल फुगवून खेळायला लागली. चेंडू पायाखाली दाबायचा, थुंकायचं, आणि चेंडू गमावायचा. मीही एकदा गवताच्या ढिगामागे बसून चिमूट भरली. पहिल्याच रसाला भडाभडा ओकलो, म्हणून वाचलो. त्यात माझा शहाणपणा काडीचा नाही.

मागच्या वर्षी त्याच्या घरी गेलो तर तो भात कालवून, जवळजवळ पेज करून, चमच्यानं ओठांच्या फटीतून आत ढकलत होता. तोंडात एक बोट जेमतेम जात होतं. तिखटाचा वास आला तरी डोळ्यांत पाणी. घराचा वासही तोच, चुन्याचा आणि आंबलेल्या सुपारीचा. मला रडू आलं आणि किळसही आली. खरं सांगायचं तर किळस आधी आली.

त्याला घेऊन चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, आतलं कातडं आखडलंय. ऑपरेशन करून तोंड मोकळं करता येईल, पण आधी महिनाभर खर्रा पूर्ण बंद. एक चिमूट जरी खाल्ली तरी मी हात लावणार नाही, उगाच फाडून काय उपयोग. दहा नंबरनं मान डोलावली. "सोडलं मास्तर. गळ्याची आन," तो दातांमधून म्हणाला. त्याला घरी सोडलं तेव्हा त्याची बायको, आमच्या वहिनी, मात्र मला दाराशी गाठून म्हणाल्या, "मी घोटून देत नाई जी. पण बाहेर गेले का कोणीही देते. कोणाकोणाले हात जोडू?"

महिना भरत आला. सोमवारची तारीख मिळाली. आणि नेमकं आदल्या दिवशी, रविवारी, गावात सामन्यांची फायनल. गावानं ठरवलं की यंदा उद्घाटक दहा नंबरच. मला बरं वाटलं. निदान एकदा तरी त्याला खर्र्यामुळे नाही, पायांमुळे ओळखतील.

त्याला शाल दिली, नारळ दिला, आणि शिट्टी दिली. शिट्टी वाजवून सामना सुरू करायचा. त्यानं ती ओठांत धरली. गाल फुगलेच नाहीत. बाजूनं फुस् करून हवा गेली आणि हनुवटीवर लाळ उतरली. माइकवाला, ज्याचा स्वतःचा गाल टम्म होता, म्हणाला, "भाऊ, जोर लावा ना जराशी." लोक हसले. मला त्या माइकवाल्याच्या तोंडात माती कोंबावीशी वाटली. शेवटी रेफरीनं शिट्टी घेतली, शर्टाला पुसली आणि वाजवली.

दहा नंबर माझ्या शेजारी येऊन बसला. मी त्याला रुमाल दिला. त्यानं हनुवटी पुसली, आणि मग हात पुढे केला. माझ्याकडे नाही, पलीकडे. पलीकडच्या पाहुण्यानं काही न विचारता, सामन्यावरची नजर न हटवता, त्यावर चिमूट ठेवली. इतकं सरावाचं होतं ते, की ही आजची पहिली नव्हे हे मला लगेच कळलं. त्यानं ती बोटानं दातांमागे ढकलली.

"जबडा दुखून राह्यला मास्तर," तो म्हणाला. "हे टाकलं का बरं वाटते. उद्या किती वाजता निघाचं?"

त्याच्याजवळ बसवेना इतकी शिसारी आली मला. त्याची, देणाऱ्याची, टाळ्या पिटणाऱ्या त्या सगळ्या गावाची.

"आता निघायचं नाही, भाऊ," मी म्हणालो.

त्याला ते ऐकू गेलं नाही. आमच्या गावानं गोल केला होता, सगळे उभे राहिले होते, आणि तोही उभा राहून ओरडण्यासाठी तोंड उघडू पाहत होता.