पाहुण्यांचं भाषण, माझा आवाज

माझा एक जुना विद्यार्थी सकाळी दहाच्या सुमाराला दारात आला आणि चपला काढता काढताच म्हणाला, "बाई, तुमचं इंग्रजी पायजे."

तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. ज्यांना ते कधीच नको होतं त्यांतला हा पहिला. दहावीला काठावर सुटला, आणि आता एका पक्षाचा जिल्ह्यातला मोठा पदाधिकारी आहे. मंगळवार पेठेत त्याची गाडी शिरली की कट्ट्यावरची माणसं उठून उभी राहतात. मी उठले नाही. पण चहा टाकायला उठावंच लागलं.

चहा पिता पिता त्यानं सांगितलं ते असं. देशोदेशी त्यांच्या विचारांचे पक्ष आहेत. परंपरा, धर्म, कुटुंब आणि देशाची हद्द या गोष्टी ज्यांना सगळ्यांत आधी वाटतात असे. या पक्षांनी मिळून एक आघाडी केली आहे. अधूनमधून कुठल्यातरी देशात जमतात, भाषणं करतात, एका कागदावर सह्या करतात आणि आपापल्या देशात जाऊन तेच बोलतात. मागच्या वेळी हा गेला होता. कोटावर फेटा बांधून काढलेला फोटो त्यानं मोबाईलवर दाखवला. दोन्ही बाजूंना चार-पाच देशांचे पुढारी, आणि मधे हा, दहावीचा निकाल लागला तेव्हा हसला होता तसाच हसत.

"तिथं लई पावणचार केला बगा आमचा," तो म्हणाला. "मी म्हटलं, एकदा आमच्याकडं या. आता खरंच यायला लागल्यात की. दिल्लीला बैठक हाय, तिथनं एक जन दोन दिवस कोल्हापूरला येनार. त्यांचं भाषन मराठीत करायचं हाय. तुमच्याशिवाय कुनाला सांगू?"

मी विचारलं, पाहुणे कुठल्या देशाचे. त्यानं नाव सांगितलं. माझी मुलगी त्याच देशात राहते.

तिला तिथं नऊ वर्षं झाली. तिचे वडील शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत होते. घरी यायचे तेव्हा कानामागंसुद्धा काळी वाळू असायची. लहानपणी ही त्यांच्या बुटातली वाळू वर्तमानपत्रावर काढून बघत बसायची. पुढं धातूंचंच शिकली आणि तिकडच्या एका ओतकामाच्या कारखान्यात लागली. जावई तिकडेच आहे, सहा वर्षांची नात आहे. नातीला मराठी कळतं, पण उत्तर ती तिथल्या भाषेत देते. त्यांचा तिथं कायमचं राहण्याचा अर्ज दीड वर्ष पडून होता. कारण पाहुण्यांचा पक्ष आता तिथल्या सरकारात होता आणि बाहेरून आलेल्यांनी मुदत संपली की आपापल्या देशात परत जावं, हेच त्याचं मुख्य म्हणणं होतं. मुलगी रोज दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मला फोन करते. आपल्याकडं तेव्हा साडेचार वाजतात, पाचला तिची सुट्टी संपते. त्या अर्ध्या तासात त्या पक्षाचं नाव इतक्या वेळा आलं होतं की मला त्याचा उच्चार नीट जमायला लागला होता.

हे सगळं मी विद्यार्थ्याला सांगितलं. त्याचा चेहरा एकदम खुलला.

"मग तर काम झालंच म्हनायचं की बाई. मानूस आपल्या दारात येतोय. एका शब्दाचं काम हाय. पोरीचा फोटो द्या फक्त."

आता इथं मला माझी चूक सांगायला हवी. ती एकट्या माझी नाही, सगळ्या गावाची आहे. आम्ही अर्ज भरतो, पण अर्जावर विसंबत नाही. दवाखान्यातली खाट असो, शाळेतला प्रवेश असो, आधी ओळख काढायची. माणूस घरी आला, ताटावर बसला की तो आपला झाला, मग तो आपल्याला नाही कसं म्हणेल, असा आमचा ठाम समज. या समजाला मी आयुष्यभर हसले आणि त्या दिवशी उठून आतल्या खोलीतून फोटो आणून दिला. भट्टीसमोर हेल्मेट घालून हसणारी माझी मुलगी. तिला मी विचारलं नाही. ती नको म्हणाली असती.

त्या सुमाराला मी तशी कशातच नव्हते. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. पहिलं वर्ष मी रडले, मग रडणं थांबलं आणि त्याबरोबर बाकीचंही थांबलं. वाईट वाटायचं नाही, बरंही वाटायचं नाही. भाजी आणायची, दूध तापवायचं, साडेचारला फोन घ्यायचा. लोक म्हणायचे, बाई सावरल्या. मी सावरले वगैरे नव्हते, पण लोकांचं म्हणणं खोडून काढायचाही मला कंटाळा होता.

तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. पाहुण्यांचा मोठा फोटो, विद्यार्थ्याचा त्याहून मोठा, खाली शुभेच्छुकांची तोंडं गोल गोल कापून लावलेली, आणि उजव्या कोपऱ्यात माझी मुलगी. खाली अक्षरं, 'कोल्हापूरची लेक, दोन देशांचा दुवा'. भाजीवाली मला म्हणाली, "बाई, लेक इलेक्शनला हुबी ऱ्हायली काय?" मी म्हटलं, "अजून न्हाई." आणि मेथीची जुडी घेतली.

कार्यक्रम कळंब्याच्या रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये होता. मला लवकर बोलावलं होतं. फेटे बांधायला आमच्याच पेठेतले एक म्हातारे चाचा आले होते. त्यांचे वडील फेटे बांधायचे, आजोबाही बांधायचे. पेठेतल्या प्रत्येक लग्नात, गणपतीत, सत्कारात त्यांचा हात लागलेला असतो. माझ्या नवऱ्याला लग्नात त्यांनीच फेटा बांधला होता. गुडघ्यावर कापड ताणून चुण्या घालता घालता त्यांनी मला विचारलं, "बाई, हे पावणं कोन म्हनं?"

मी सांगितलं, बाहेरच्यांनी आपल्या देशात राहू नये असं म्हणणारे आहेत.

चाचांनी चुण्या तशाच धरून थोडा विचार केला. "आनि आलेत कुठनं?"

"बाहेरनं."

"बरं," ते म्हणाले आणि पुढची चुणी घातली.

पाहुणे आले. उंच, सावकाश बोलणारे, साठीच्या पुढचे. चाचांनी फेटा बांधला तेव्हा लहान मुलासारखे न हलता बसून राहिले, आणि झाल्यावर त्यांनी चाचांना वाकून नमस्कार केला. मला जिना चढताना त्रास होतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात पुढं केला. मी त्यांचा राग करायला तयार होऊन आले होते. राग आला नाही. माणूस सज्जन होता, आणि ते जास्त अवघड होतं.

व्यासपीठामागं चौकातल्यासारखाच फ्लेक्स होता. विद्यार्थ्यानं त्यांना त्या कोपऱ्यापाशी नेलं आणि मला म्हणाला, "बाई, सांगा आता."

मी इंग्रजीत सांगितलं. ही माझी मुलगी. नऊ वर्षं तुमच्या देशात आहे. कारखान्यात काम करते, कर भरते, भाषा शिकली आहे. तिची मुलगी तुमच्याच शाळेत जाते. अर्ज दीड वर्ष पडून आहे. त्यांनी मान खाली करून सगळं ऐकलं. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं कितीतरी दिवसांत कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी नातीचं नाव विचारलं. मग म्हणाले, "तुम्हाला त्यांची फार आठवण येत असेल."

मी हो म्हटलं. खरंच होतं ते.

"आम्ही याचसाठी तर झटतोय," ते म्हणाले. "कुठल्याच आईवर अशी वेळ येऊ नये." आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

विद्यार्थी अधीर झाला होता. "काय म्हनाले?"

"म्हणाले, लक्ष घालतो."

"बगा. म्हटलं नव्हतं मी?"

त्या दिवशी मी केलेलं चुकीचं भाषांतर एवढं एकच.

भाषणाचं आधीच ठरलं होतं. "सारखं ते म्हनतात, ते म्हनतात करू नका बाई," विद्यार्थ्यानं बजावलं होतं, "लोकं कटाळत्यात. तुमचंच असल्यागत बोला." पाहुणे दोन वाक्यं बोलायचे आणि थांबायचे, मग मी बोलायचे. सुरुवातीची वाक्यं आघाडीच्या त्या सह्या केलेल्या कागदातली असावीत. आपापली माती, आपापले देव, आपापली रीत. लोक जांभया देत होते. मग पाहुण्यांनी कागद खिशात ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि मनानं बोलायला लागले. मी माईक जवळ घेतला आणि मराठीत म्हटलं:

"ज्याचं घर जिथं आहे तिथंच त्यानं असावं. लेकरं परमुलखात आणि आई एकटी घरात, याला सुख म्हणत नाहीत. लेकरांनो, घरी या."

जांभया थांबल्या. मग टाळ्या पडल्या, आणि थांबेचनात. पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांचीही कुणाकुणाची मुलं पुण्याला, बंगळूरला, दुबईला असणार. तीस वर्षांत माझ्या वर्गानं इतकं मन लावून काही ऐकलं नव्हतं. छातीत काहीतरी हललं. टाळ्यांमुळं असेल असं मी धरून चालले. त्यानंतर जेवण झालं. पाहुण्यांचं पोट बिघडलं होतं, त्यांनी तांबडा रस्सा नुसता हुंगला आणि दहीभात खाल्ला. विद्यार्थ्याला याचं फार वाईट वाटलं.

चार दिवसांनी साडेचारला फोन वाजला. मुलीचा आवाज शांत होता. तिच्या वडिलांचाही असाच व्हायचा.

"आई, तू माझा फोटो दिलास त्यांना?"

"दिला."

"विचारायचंस ना मला."

मग तिनं सांगितलं. पाहुण्यांच्या पक्षानं तिकडं एक व्हिडिओ टाकला होता. त्यात पाहुणे नव्हते. त्यांची वाक्यं कापून टाकली होती. होते ती फक्त मी, माईक धरून मराठीत बोलणारी, आणि माझ्या खांद्यामागं फ्लेक्सवर हेल्मेट घातलेली ती. खाली त्यांच्या भाषेत लिहिलं होतं की भारतातली ही आई आपल्या मुलीला घरी बोलावते आहे.

"कारखान्यात सगळ्यांनी बघितलाय," ती म्हणाली. "काल एक जण मुद्दाम माझ्या टेबलापाशी आला. चांगला माणूस आहे, वाईट नाही. म्हणाला, तुझी आई किती थकलेली दिसते, तू जायला हवंस."

"मी नाही बोलले ते. मी भाषांतर केलं."

"मला माहीत आहे, आई."

"अर्जाला काही होईल का?"

"वकीलबाई म्हणाल्या, होऊ नये. पण लिहून द्यायला तयार नाहीत." मागं भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. "इथनं जावं लागलं तर पोरीचं काय करायचं ते मला कळत नाही. तिला सगळं इथलंच येतं."

मी ऐकत होते. मला घाबरायला हवं होतं, पण घाबरायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते आठवत नव्हतं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते.

"आई, एक विचारू?" ती म्हणाली. "मी तो व्हिडिओ चार-पाच वेळा ऐकला. तुझे आवाज मला पाठ आहेत. शिकवतानाचा वेगळा, चिडल्यावरचा वेगळा, बाबा गेल्यावरचा हा सपाट आवाज वेगळा. त्यातला आवाज यांतला कुठलाच नाही. तू नुसतं भाषांतरच करत होतीस ना?"

तेव्हा लगेच हो म्हणायला हवं होतं. एवढ्या एका अक्षरावर तिचं तिथलं घर नव्हतं, पण माझ्यावरचा तिचा विश्वास होता, हे मला कळत होतं. आणि मला हॉल आठवला. छातीत काय हललं होतं ते आठवलं. 'घरी या' हे पाहुणे म्हणालेच नव्हते. ते म्हणाले होते, मुलांनी घरी परतावं. 'लेकरांनो' हा शब्द माझा होता. हाक माझी होती. चार वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी हवं झालं होतं, आणि ते मी हजार माणसांसमोर माईकवर मागितलं होतं, तिचं आयुष्य ज्यांना मोडायचंय त्यांच्या शेजारी उभी राहून. मला लाज वाटली. खूप दिवसांनी काही वाटलं, ते हे.

"हो," मी म्हटलं. "भाषांतरच."

पण मधे वेळ गेला होता. किती ते मला सांगता येणार नाही, तिला येईल.

"बरं," ती म्हणाली. "सुट्टी संपली, आई. ठेवते."

मी फोन खाली ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. पाचला अजून वीस मिनिटं होती.