चौऱ्याण्णव अक्षरांची जागा

कागद हातात आला की बाई आधी तो नाकाशी न्यायच्या, वाचायच्या नंतर. वाचताना नाक आक्रसलं की समजायचं, गेलं काम. मग दोन बोटांच्या चिमटीत, ताटात पडलेली पाल उचलावी तसा तो कागद माझ्या टेबलावर परत ठेवायच्या. "वास येऊन राहिला याले," म्हणायच्या.

खोट्याची किळस असणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांची किळस तोंडातच असते. बाईंना मात्र खरोखर उमासे यायचे.

सालेकशाला स्टेशनच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन सेंटर आहे. दाखले, पीकविमा, भरती, शिष्यवृत्ती, जे येईल ते भरून देतो. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला पहिल्यांदा आल्या, तेव्हा मशीन त्यांच्या बोटांचे ठसे घेईना. म्हणून बाकावर बसून राहिल्या होत्या.

माझ्यासमोर एक मुलगी आणि तिचे वडील होते. मुलीला नर्सिंगला जायचं होतं, त्यासाठी एका संस्थेच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म होता. त्यात 'स्वतःविषयी लिहा' असा एक चौकोन. मर्यादा हजार अक्षरांची. खाली लाल आकडा, किती अक्षरं उरली ते दाखवणारा. मुलीनं वहीची तीन पानं भरून आणली होती. मी ती बाजूला सारली, कारण माझ्याकडे तयार मजकूर होता. दारुडा बाप, मोलमजुरी करणारी आई, कंदिलाखाली अभ्यास, समाजसेवेची लहानपणापासूनची आवड. मोजून नऊशे शहाण्णव अक्षरं. नाव बदललं की झालं. कितीतरी पोरापोरींच्या फॉर्मात मी तो चिकटवला होता, आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमान होता.

बाई केव्हा माझ्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. शाळेतल्या आवाजात त्या स्क्रीनवरचं वाचू लागल्या. दुसऱ्याच वाक्यावर थांबल्या आणि मुलीच्या वडिलांकडे वळल्या.

"तुम्ही पेता का जी?"

"नाई जी," ते म्हणाले. "मोहा वेचतो दरसाल, पर घोट नाई घेतला आजपावतो."

"मंग हे काऊन लिहून हाये?"

त्या माणसानं स्क्रीनकडे पाहिलं, मग मुलीकडे. धानाच्या चिखलात राबून त्यांच्या पायांच्या बोटांमधली कातडी पांढरी पडली होती. "राहू द्या न बाई," ते म्हणाले. "पोरीले सीट भेटत असन तं पितो म्हना मी."

मुलीनं मान खाली घातली. बाई दाराबाहेर गेल्या, नालीत थुंकल्या, पदरानं तोंड पुसून आत आल्या. "पुस ते," मला म्हणाल्या. पहिल्याच भेटीत अरेतुरे.

मग त्यांनी ती तीन पानं वाचली. मुलीची आजी लकव्यानं दोन वर्षं खाटेवर होती. आजीचं सगळं ही मुलगीच करायची. "पाठीले जखम होऊ नये म्हणून तू तिले कुशीवर कशी वळवत होतीस?" बाईंनी विचारलं. मुलीला सांगता येईना. तेव्हा बाई स्वतः माझ्या बाकावर आडव्या झाल्या. "वळव मले." मुलीनं एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, गुडघा बाकाला टेकवला आणि बाईंना अलगद वळवलं. "हेच लिही," बाई पडल्या पडल्याच म्हणाल्या.

लिहिलं, पण मजकूर मावेना. काना, मात्रा, वेलांटी, सगळंच यंत्र वेगळं अक्षर म्हणून धरतं, हे मी सांगितलं तेव्हा बाईंचा विश्वास बसला नाही. "वेलांटीबी मोजते हा? मंग गरिबानं मराठीत बोलावं किती?" मग त्यांनी बोटांवर मोजत हिशेब मांडला. 'विद्यार्थी' म्हणजे दहा, 'पोर' म्हणजे तीन. 'त्यामुळे' काढलं, 'अत्यंत' काढलं, 'प्रामाणिकपणे' तर नाक आक्रसूनच काढलं. शेवटी खाली लाल आकडा राहिला, चौऱ्याण्णव. "जागा उरली," मी म्हटलं. "उरू दे," बाई म्हणाल्या.

सर्व्हर अडकला होता. संध्याकाळची बस चुकेल म्हणून बाप-लेक गेले, बाईही गेल्या. फॉर्म पाठवायचा तेवढा माझ्यावर सोडला.

मी तो पुन्हा वाचला. चांगला होता. पण या संस्थांना काय लागतं ते मला ठाऊक होतं, निदान असं मला वाटत होतं. आजी, खाट, कूस, यावर कोण शिष्यवृत्ती देणार? मी जुन्या मजकुरातून एक वाक्य उचललं. 'वडिलांच्या दारूच्या व्यसनामुळे घरात रोज भांडणे होत, तरीही मी शिक्षणाची जिद्द सोडली नाही.' बरोबर बसलं. बटण दाबलं.

त्यानंतर काही महिने बाई अधूनमधून सेंटरला येऊन लोकांचे कागद वाचत राहिल्या. मुलीची निवड झाली. गोंदियाच्या एका सभागृहात कार्यक्रम होता. मुलीच्या गावातली माणसं जीप करून आली होती. बाईंनी मलाही ओढून नेलं, शेजारी बसवलं. सगळ्यांच्या हातात एक छापील पुस्तिका दिली. निवड झालेल्या मुलींचे फोटो आणि त्यांनी स्वतःविषयी लिहिलेलं. बाई चष्मा लावून पान शोधत होत्या, तेवढ्यात मंचावरून वडिलांचं नाव पुकारलं गेलं.

"इन्होंने बेटी के खातिर शराब छोड़ दी," निवेदक म्हणाला. कुणी सोडली, केव्हा सोडली, त्याला कोण विचारणार? "इनके लिए जोरदार तालियाँ हो जाए."

त्यांना हात पुढे करायला लावून व्यसनमुक्तीची शपथ दिली. आयुष्यात थेंब न घेतलेला तो माणूस, इस्त्रीच्या सदऱ्यात, हात ताणून एकेक शब्द म्हणत होता. मुलगी मंचाच्या कोपऱ्यात प्रमाणपत्र छातीशी धरून उभी होती आणि बापाकडे पाहत नव्हती. गावातले दोघं-तिघं मागच्या रांगेत हसले. माझ्या तोंडात कडू पाणी आलं. असं कधी स्वतःच्याच अंगाला हात लावू नयेसं वाटलंय तुम्हाला? मला त्या दिवशी वाटलं.

बाईंनी पान वाचलं आणि माझ्याकडे वळल्या.

"किती जागा उरली होती?"

"चौऱ्याण्णव."

"रिकामी नाई ठेवता आली तुले?"

त्या उठून दोन रांगा पुढे जाऊन बसल्या. त्यानंतर माझ्या सेंटरची पायरी त्यांनी चढली नाही. हयातीच्या दाखल्यासाठी आमगावला जायच्या, असं कळायचं. मी तो तयार मजकूर त्याच आठवड्यात पुसला. त्यानं काही धुऊन निघालं नाही.

मागल्या वर्षी बाई गेल्या. मला तीन दिवसांनी समजलं.

या उन्हाळ्यात शेतकरी नोंदणीच्या शिबिरासाठी मी त्या मुलीच्या गावी गेलो होतो. वडिलांनी ओळखलं, घरी नेलं, चहा ठेवला. मुलगी शेवटच्या वर्षाला आहे म्हणाले. मी कसाबसा विषय काढला. माफ करा म्हटलं.

"तुम्ही भल्यासाठीच केलं जी," ते म्हणाले. मी कप खाली ठेवला.

मग त्यांनी पेटीतून ती पुस्तिका काढली. कार्यक्रमानंतर गावात कुणी त्यांना 'शपथवाले' म्हणून हाक मारायचं. ते बाईंच्या कानावर गेलं, तशा बाई बसनं आल्या होत्या. घरोघर फिरल्या. प्रत्येकाच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ते पुस्तक आन." ज्यांच्याकडे होतं त्यांनी आणून दिलं. बाई ओट्यावर टेकायच्या, पिशवीतून पेन काढायच्या, तेवढंच वाक्य खोडायच्या आणि पुस्तक परत द्यायच्या. "दिवसभर फिरल्या," ते म्हणाले. "घरी जेवा म्हटलं, तं नाई जेवल्या."

मी पान उघडलं. आजी होती, खाट होती, कूस होती. खाली त्या एका वाक्यावर निळं पेन इतकं दाबून, इतक्या वेळा फिरलं होतं, की तिथला कागदच फाटला होता.