पुढची चाकं माझी, मागची त्याची

काही लोकांचा राग दुधासारखा असतो. वर येतो, फुंकर मारली की खाली बसतो. माझा राग लोणच्याच्या जातीचा. थोरल्या भावावरचा माझा राग बारा वर्षं बरणीत मुरलेला आहे, आणि आज तिचं फडकं सोडताना मला जो आनंद होतोय तो लपवण्याचं काही कारण दिसत नाही.

चीनच्या लढाईनंतर दोनेक वर्षांनी वडिलांनी लष्कराच्या लिलावातून एक जुना ट्रक आणला. साध्या ट्रकची मागची दोन चाकं ओढतात आणि पुढची नुसती वळतात. ह्याची चारही ओढायची. गिअरशेजारी एक दुसरा दांडा होता. तो मागे खेचला की पुढच्या चाकांत जीव यायचा. वडिलांना तो दांडाच हवा होता. आमचं गाव महाळुंग्याच्या अलीकडे, घर खाली आणि जमीन वर माळावर. मधला चढ असा की भरल्या गाडीचे बैल तिथे गुडघे टेकत.

पहिल्याच दिवशी वडिलांनी ट्रक त्या चढाला घातला. आई पुढे, मांडीवर नारळ घेऊन. आम्ही दोघे भाऊ मागे हौद्यात, मिशा फुटलेले बाप्ये, पोरांसारखे ओरडत. वर पोचल्यावर वडील खाली उतरले, चाकांकडे बघितलं आणि म्हणाले, "चारी एका इचाराची असली तर चढ काय वाकडं करतोय?"

दोन पावसाळ्यांनी इंजिन जाम झालं. त्याच हिवाळ्यात वडील गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना माळावरच अग्नी दिला आणि तिथे एक दगडी चौथरा बांधला. ट्रक अंगणात उभा राहिला, आणि त्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघे.

मग वाटणी. जमीन वाटली, घर मधोमध भिंत घालून वाटलं, हंडे-कळश्या वाटल्या. राहिला ट्रक. गावचे म्हातारे पंच त्याच्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "दोन भाग सरळ हायेत. पुढचा आन् मागचा." मला वाटलं विनोद करतायत. पंच विनोद करत नव्हते. थोरल्याने तर घरातून करवत आणली होती. चेसिस, म्हणजे ट्रकचा खालचा सांगाडा, कापू नका, ती ज्याला इंजिन त्याला जाऊ द्या, एवढं आईने भांडून मिळवलं.

आमच्याकडे रीत अशी की भाग पाडले की धाकट्याने पहिली उचल करायची. धाकटा मी. आणि वाचकहो, मी हसलो. पुढच्या भागात इंजिन, स्टेअरिंग, केबिन, दिवे. मागच्या भागात काय? हौदा, दोन चाकं आणि त्यांच्या मधला आस. मी ऐटीत बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणालो, "पुढचा." सगळा ट्रक पदरात पडला असं मला वाटलं. पिंपरीच्या कारखान्यात मी फिटर. मागचा आस काय, मिळेल कुठेही, असा माझा हिशेब. तसला आस पुण्याच्या जुन्या बाजारात नाही, भंगारवाल्यांकडे नाही, कुठेच नाही, हे कळायला मला चार वर्षं लागली.

थोरल्याला मात्र आपल्या भागाचं काय करायचं हे संध्याकाळपर्यंत कळलं होतं. त्याने तो आस काढून आपल्या बैलगाडीखाली बसवला. लष्कराचा आस, लष्कराची चाकं, वर कांद्याची पोती आणि पुढे दोन खिलार बैल! चाकणच्या बाजाराच्या दिवशी ही वरात माझ्या दारावरून जायची. दार आलं की तो बैलांना हमखास सावकाश करायचा. बोलायचा नाही. आमचं बोलणं करवतीच्या दिवशीच संपलं होतं. नुसता कासरा ओढायचा आणि माझ्या चाकांवरून, हो, माझ्या चाकांवरून, पुढे जायचा. मी दात घासत असलो तर तोंडातली राखुंडी गिळायचो.

आता मधली वर्षं. कारखान्याला गुरुवारी सुट्टी. म्हणजे माझा ट्रक गुरुवारी जगायचा आणि शुक्रवारी मरायचा. रेडिएटरमध्ये साळुंकीचं घरटं निघालं. व्हॉल्व्ह मी काठीला रबराची वाटी लावून तळहातांत घुसळून घासले, रवीने ताक करावं तसे. पुढच्या चाकांचे सांधे जेवणाच्या परातीत रॉकेलने धुतले, त्यावर बायको तीन दिवस अबोल होती; चौथ्या दिवशी तिने बॉनेटवर पापड वाळत घातले आणि वर मला विचारलं, "इंजिन चालू करणार असाल तर आधी सांगा, भाजून तरी निघतील." मागे चेसिस टेकायला म्हणून उसाच्या मोडक्या ट्रॉलीचा एक आस घातला. त्यात गिअर नाही, काही नाही. चाकं नुसती मागून फरपटत यायची, लग्नातल्या पाहुण्यांसारखी.

ह्या सगळ्या गुरुवारांना एक साथ होती. गावच्या शाळेत नवी घंटा आली होती. आधी रुळाचा तुकडा होता, तो बद्द वाजायचा. ही नवी, खणखणीत, गोल आवाजाची. साडेदहाला सुरू, पाचला सुटी. मी तिच्यावर घड्याळ लावायचो. बायकोला म्हणायचोसुद्धा, "ह्याला म्हणतात पोलाद. कुणी दिली असेल, माणूस दर्दी." हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरायचा फार प्रयत्न केला.

इंजिन सुरू झालं ती गोष्ट सोडून देतो. सगळं गाव जमलं, मी नाचलो, काळ्या धुराने पापड वाया गेले. त्या दिवशी आई थोरल्याच्या घरून भिंत धरत धरत आली. महिनाभर त्याच्याकडे, महिनाभर माझ्याकडे अशी तिचीही वाटणी झाली होती. तिचे गुडघे गेले होते. तीन वर्षं ती माळावर गेली नव्हती. थोरल्याने बैलगाडी पुढे केली होती, मी पाठीवर नेतो म्हणालो होतो. दोघांनाही तिने उडवून लावलं होतं. ट्रकच्या फुटबोर्डवर बसून ती म्हणाली, "मला यातनं वर ने. चौथऱ्यापाशी. एकदाच."

"नेतो की."

"मागची चाकं वढत्यात का?"

मी ट्रॉलीच्या चाकांकडे बघून नकारार्थी मान हलवली.

"मग नेतोयस कसा? का वडलांनी वर मोटार लावलीया दोरी वढायला?"

आई अशी बोलायची. पण तिचा हात फुटबोर्डवरून फिरत होता, आणि त्या हाताकडे बघताना मला एवढा राग आला की पुढच्या गुरुवारी मी चोरी केली.

दुपारी दोनची वेळ. थोरल्याची गाडी त्याच्या अंगणात सोडलेली, बैल गोठ्यात. मी जॅक आणला, दगड लावले, गाडी उचलली आणि आडवा होऊन बोल्ट सोडायला लागलो. चोरी असली तरी मी न्यायी माणूस आहे. बदल्यात लावायला बाभळीच्या चाकांची जोडी आणि नव्या बेअरिंगचा हलका आस बरोबर आणला होता. पहिला बोल्ट निघाला आणि माझ्या डोक्यापाशी दोन पायताणं येऊन उभी राहिली.

"काय चाललंय?" बारा वर्षांनी त्याचा पहिला शब्द.

"चोरी."

"दिसा उजेडी?"

"अंधारात बोल्ट दिसत नाहीत."

तो गेला. मला वाटलं काठी आणायला गेला. तो बाज घेऊन आला, माझ्या शेजारी टाकली आणि बसला. "डावीकडचा गंजलाय. त्याला आधी रॉकेल सोड." मी तळतळलो. चोराला सल्ला देणारा मालक हा माणसाच्या अपमानाचा शेवट आहे. त्याने चहा मागवला. एकच कप.

आस बाहेर पडला तेव्हा पावणेपाच झाले होते. मधोमध तो लोखंडी गोळा. त्याच्या आत दात्यांचं मोठं चक्र असतं, तेच इंजिनाची ताकद चाकांना देतं. मी त्याचं झाकण उघडलं. आत बोट घातलं. मग हात घातला. मग डोकं घालायचं राहिलं. गोळा रिकामा होता.

"आतलं कुठं आहे?"

"बैलांना जड जायाचं. काढलं."

"काढून कुठं टाकलंस?"

"टाकलं न्हाई." त्याने कपातला शेवटचा घोट घेतला. "जरा दम धर. पाच वाजू दे."

मला काही उमजेना. तो चढत्या उन्हासारखा हसत होता, आणि मी पान्याने त्याचं डोकं फोडायचं की कप, ह्याचा विचार करत होतो. आणि पाच वाजले. शाळेवरून आवाज आला, खणखणीत, गोल. त्याने एक बोट वर केलं.

"ऐक," तो म्हणाला.

मी पळत शाळेत गेलो. लिंबाच्या फांदीला, तारेने बांधून, माझं चक्र टांगलेलं होतं. गुरुजी हातोडी घेऊन उभेच होते. "आपल्या बंधूंची देणगी," ते कौतुकाने म्हणाले. वर्षानुवर्षं एकाच जागी हातोडी मारून त्या बाजूचे दात पार चेपले होते. मी बोटाने मोजले. नऊ. नऊ दात गेलेलं चक्र बोळक्या तोंडासारखं. वाजेल, पण चावणार नाही. म्हणजे ज्या आवाजावर मी घड्याळ लावून ट्रक जोडत होतो, तो माझाच ट्रक मोडत असल्याचा आवाज होता! मी परत आलो तेव्हा थोरला नवा आस स्वतःच बसवत होता. "झ्याक हाय," तो म्हणाला. "हलका."

मी ठरवलं. चाकं दोन तर दोन. पुढच्या गुरुवारी आईला केबिनमध्ये बसवलं, हातात नारळ दिला आणि ट्रक चढाला घातला. निम्मं गाव बघायला. थोरला चढाच्या पायथ्याशी, आणि त्याने, नीच माणूस, बैलांच्या मानेवर जू आधीच ठेवलं होतं.

पहिलं वळण गेलं. मग ट्रकचं नाक हलकं झालं. चढावर सगळा भार मागे जातो, आणि माझी मागची चाकं म्हणजे ते लग्नातले पाहुणे. पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, मुरूम उडाला, रबर जळाल्याचा वास आला. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

"बैल जोडू का?" खालून हाक आली.

"मेलो तरी नको!"

"तू मर," आई म्हणाली, "मला खाली उतरव आदी."

मी ट्रक तसाच घसरत घसरत खाली आणला आणि मोकळ्या जागेत घराच्या दिशेने वळवला. थोरल्याला वाटलं, संपलं. तो हसला. मोठ्याने नाही, मिशीच्या एका टोकाला. ते हसू नसतं तर मी घरी गेलो असतो. त्या हसण्याने डोक्यात जाळ झाला आणि त्या जाळाच्या उजेडात मला दिसलं: भार चढाच्या खालच्या चाकांवर येतो. मग माझी ओढणारी चाकं खाली ठेवली तर?

मी रिव्हर्स टाकला.

ट्रक चढाला पाठ लावून वर निघाला. इंजिनाचं वजन पुढच्या चाकांवर बसलं आणि त्यांनी मुरूम असा धरला की ट्रक थरथरला. मी दारातून मान बाहेर काढून मागे बघत चालवत होतो. आई समोरच्या काचेतून खाली बघत होती.

"तो काय करतोय?" मी ओरडलो.

"मागं येतोय. बैल सोडून."

"हातात काय आहे?"

"दगड."

"मारायला?"

"मला काय म्हाईत? तुमचं तुमी बघा. थोराड हाय बाई दगड."

मी शिव्या द्यायला सुरुवात केली. घंटेवरून दिल्या, कांद्यांवरून दिल्या, एका कपाच्या चहावरून दिल्या. खालून तोही देत होता. बॉनेटपासून दोन हातांवर, धापा टाकत, छातीशी दगड धरून. दुसऱ्या वळणावर इंजिन गुदमरलं आणि ट्रक हातभर खाली सरकला. ब्रेक धरेना. आईने नारळ घट्ट धरला. मग पुढच्या चाकाखाली खाडकन काहीतरी बसलं आणि ट्रक थांबला.

"घे आता!" थोरला ओरडला. "म्हशीवानी काय बसलाईस?"

मी घेतला. त्याने दगड उचलला आणि पुन्हा मागोमाग. असं तीनदा झालं. तीनही वेळा मी त्याला शिवी दिली आणि तीनही वेळा दगड वेळेवर पडला.

माळावर पोचलो. चौथरा हाकेच्या अंतरावर, पण तिथेही जमीन उतरती. थोरला घामाने भिजून समोर उभा होता.

"उलटा आणलास," तो म्हणाला.

"आणला."

आईने दार उघडलं आणि एक पाय खाली सोडला. मी ब्रेकवर दोन्ही पाय देऊन बसलो होतो; सोडले असते तर ट्रक तिच्यासकट गेला असता. थोरल्याने माझ्याकडे बघितलं नाही. तो वाकला, दगड चाकाखाली सारला, टाचेने दोनदा ठोकून बघितला आणि बाजूला झाला.

त्याने ठोकलेला दगड. मी त्याच्याकडे बघितलं, दगडाकडे बघितलं, आणि ब्रेकवरचे पाय काढले.