मैनाबाईंच्या रेडिओवरचा 'हूं'वाला

मैनाबाई हेडाऊंना गप्प करायचं असेल तर त्यांच्या तोंडाच्या वाटेला जाऊ नका. हातातलं काम काढून घ्या, बस. बाई जागच्या जागी बंद पडतात.

उमरेडच्या कोष्ट्यांच्या घरातली मुलगी. बाप मागावर बसायचा आणि मायलेकी मिळून त्याच्यासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. हात चरख्यावर आणि जीभ अख्ख्या उमरेडवर, अशी ती शाळा. पुढे माग मोडीत निघाला, भाऊ कोणी बँकेत तर कोणी रेल्वेत चिकटले, मैनाबाई लग्न होऊन नागपूरच्या नंदनवन वस्तीत आल्या. पण हात चालल्याशिवाय जीभ चालत नाही, ही खोड काही सुटली नाही.

हे चारुशीलाला कुठून माहीत असणार? ती नागपूरच्या जुन्या महाल भागातली. तिचे कोणी खापरपणजोबा भोसल्यांच्या दफ्तरात मोठे कारकून होते, असं ती कधीच सांगत नाही. तिची आई सांगते, दर भेटीत. या चारुशीलानं आमच्या समाजभवनाच्या वरच्या मजल्यावर एक खोली मागून घेतली, गच्चीवर खांब उभा केला आणि 'रेडिओ बैठक' सुरू केला. आवाज फार लांब जात नाही. नंदनवन आणि आजूबाजूच्या चार वस्त्या, संपलं. वस्तीतल्याच लोकांनी वस्तीतलं बोलायचं, असा त्याचा धर्म.

पहिल्या दिवशी तिनं मैनाबाईंना माइकपुढे बसवलं, कानाला हेडफोन लावला, लाल दिवा पेटला, आणि नंदनवनातली सगळ्यात बोलकी बाई मुकी झाली. चारुशीला काचेपलीकडून हातवारे करतेय, या नुसत्या बघताहेत. शेवटी मैनाबाईंनीच खूण केली, काहीतरी निवडायला द्या म्हणून. चारुशीला खाली धावत जाऊन भाजीच्या गाडीवरून मेथीची जुडी घेऊन आली. मेथी निवडता निवडता बाई अशा सुटल्या की वेळ संपल्यावर दिवा विझवावा लागला. तेव्हापासून त्या कार्यक्रमात बोलण्याच्या मागे भाजीचा आवाज असतोच. लोक फोन करून आधी अंदाज सांगतात, आज गवार दिसते, आज हरभऱ्याचे सोलाणे, आणि मग आपलं गाऱ्हाणं मांडतात.

कार्यक्रमाचं नाव 'हक्काचं बोला'. दर बुधवारी, अकरा वाजता. चारुशीला मानवी हक्कांची व्याख्या सांगायला लागली की घटना, कलम, सन्मानानं जगण्याचा अधिकार असं सगळं साग्रसंगीत येतं. मैनाबाई तेच खाली उतरवून सांगतात. रेशन दुकानदार म्हातारीवर खेकसला, ते खेकसणं त्याच्या हक्कात नाही. घरकाम करणाऱ्या बाईला वेगळ्या कपात चहा मिळाला, तो कप कोणत्या जमान्यातला? चारुशीलाचा नियम मात्र एकच आणि पक्का: घटना खरी हवी आणि नाव घ्यायचं नाही.

या नियमानंच घात केला.

मे महिना होता. नागपूरचा मे, म्हणजे बाहेरून आलेल्या पाहुण्याला आपण काय पाप केलं ते आठवायला लावणारा. त्या बुधवारी मैनाबाईंनी विषय घेतला गरम पोळीच्या हक्काचा. म्हणाल्या, एक घर आहे. पुढच्या खोलीत कूलर आहे. कूलरसमोर घरचा माणूस जेवायला बसलेला. मागे स्वयंपाकघरात बाई, पुढे पेटलेला गॅस, पाठीवर पत्र्याचं ऊन. माणसाला पोळी तव्यावरचीच लागते. ताटातली संपली की तो बाईला हाक मारत नाही, नाव घेत नाही. नुसतं 'हूं' म्हणतो. 'हूं' आला की पोळी जाते. शेवटच्या 'हूं'नंतर बाई घाम पुसून बसते, तेव्हा भाजी गार, पोळी चिवट, आणि माणूस कूलर बंद करून झोपलेला, कारण वीज वाया जाते. बाईच्या लग्नाला कैक वर्षं झाली, तिनं फुगलेली पोळी फक्त दुसऱ्याच्या ताटात पाहिली आहे. हा माणूस वाईट नाही, असंही त्या म्हणाल्या. त्याला कोणी सांगितलंच नाही.

तो माणूस कोण, हे मी तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. माझ्या पोटात तसंही काही राहत नाही. ताराचंद. मैनाबाईंचा स्वतःचा नवरा.

आणि गंमत म्हणजे सगळ्या नंदनवनात ज्याला ही गोष्ट आपली वाटली नाही तो एकटा ताराचंदच. कळमेश्वरच्या एमआयडीसीतून रिटायर झालेला सरळ माणूस, बायकोच्या रेडिओचा सगळ्यात मोठा भक्त. बुधवारी पानठेल्यावर मोबाइलचा आवाज मोठा करून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ऐकवायचा. त्या दिवशी 'हूं'ची गोष्ट ऐकून तो असा हसला की सुपारी नाकात गेली. काय एकेक नमुने असतात, म्हणाला.

बाकीचे नमुने हसत नव्हते. कार्यक्रम संपतो न संपतो तोच देवाजी जिना चढून वर आले. देवाजी म्हणजे समाजभवन समितीचे अध्यक्ष. खोली त्यांच्याच शब्दावर मिळालेली. माझ्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडलीच कशी, असं त्यांनी विचारलं. चारुशीला शपथेवर सांगत होती की तुमचं घर नव्हे. पण कूलर पुढच्या खोलीत आहे, म्हणाले देवाजी. संध्याकाळी लहानू टेलर आला, मी 'हूं' म्हणत नाही, 'आन' म्हणतो, हे रेडिओवर स्पष्ट करा म्हणून. दुसऱ्या दिवशी बँकेतले सुमंतराव आले आणि शुद्ध भाषेत बदनामी या शब्दाचा अर्थ समजावून गेले. खापरखेड्याच्या कॉलनीतून एकाचा फोन आला, जिथे हा रेडिओ पोचतच नाही. त्याच्या साळ्यानं फोनवर गोष्ट सांगितली होती आणि तो म्हणाला, हे माझ्या बायकोनंच कळवलं असणार.

इकडे घराघरात काय झालं ते ऐका. 'हूं' बंद झाला. ज्याला त्याला वाटे, आपण 'हूं' म्हणालो आणि शेजारच्यानं ऐकलं, तर नाव पक्कं. दुपारच्या वेळी गल्लीतून जा, नुसता कूलरचा आवाज. पुरुष मंडळी स्वतःहून बायकांना म्हणू लागली, ये, तूही बस. खिडक्या उघड्या ठेवून म्हणत, जरा मोठ्यानं. देवाजींच्या बायकोनं, वंदनाबाईंनी, नवऱ्याबरोबर कूलरसमोर बसून पहिल्यांदा गरम पोळी खाल्ली आणि नळावर येऊन सांगितलं की कूलरची हवा एवढी थंड असते हे तिला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं ती फक्त त्यात पाणी भरत आली होती.

पण देवाजींच्या जिवाला चैन नव्हतं. उगाच आपल्यावर संशय, असं त्यांनी समितीत मांडलं. संशय कोणीच घेतला नव्हता, हे त्यांना कोण सांगणार. ठरलं असं की महिना संपायच्या आत रेडिओनं त्या माणसाचं नाव जाहीर करावं, म्हणजे बाकी सज्जनांची अब्रू वाचेल. नाही तर खोली रिकामी करावी, गच्चीवरचा खांब काढून न्यावा.

चारुशीला म्हणाली, खोली गेली तरी चालेल, नाव सांगायचं नाही. बोलली ताठ, पण दुसरी फुकटची खोली आणि दुसरी गच्ची तिला कोण देणार होतं? रेडिओच संपत होता. आणि मैनाबाईंची तर दुहेरी कोंडी. नाव न सांगावं तर बुधवार जातो. सांगावं तर पानठेल्यावर उभं राहून सगळ्यांना हसणारा त्यांचा भोळा नवरा उद्या त्याच पानठेल्यावर हसं होतो. त्या आठवड्यात त्यांनी इतका लसूण सोलला की शेजारपाजारी वाटावा लागला.

रविवारी दुपारी ताराचंद कूलरसमोर जेवायला बसला होता. बायकोचा चेहरा उतरलेला पाहून त्याला राहवलं नाही.

"तू कायले डरते?" तो म्हणाला. "सांगून टाक नाव भर सभेत. मी आहो नं तुह्या मागं. असा कोन भैताड लागून गेला, त्याच्यासाठी तू रेडिओ सोडतं?"

मैनाबाई आत वळल्या. आत पोळी फुगली होती. ताराचंदनं ताटातला शेवटचा घास मोडला, भाजीत बुडवला, तोंडात टाकला.

"हूं," तो म्हणाला.

मैनाबाई पोळी घेऊन दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. पोळी हातात, वाफ निघतेय, पण बाई पुढे सरकत नाहीत. ताराचंदनं वर पाहिलं. बायकोच्या कपाळावरून घाम वाहत होता. त्यानं कूलरकडे पाहिलं, मग पुन्हा बायकोकडे. चावायचं थांबलं.

"मीच काय वं?"

"पोळी थंडी होऊन राहिली," मैनाबाई म्हणाल्या. "खाऊन घ्या."

त्यानं ती खाल्ली नाही. उठून ताट घेऊन स्वयंपाकघरात गेला, गॅसशेजारी पाटावर बसला आणि ती पोळी बायकोच्या ताटात ठेवली. मेमध्ये त्या खोलीत बसलं की माणसाची भूक अर्ध्यावर येते हा शोध त्याला त्याच दुपारी लागला.

समितीची सभा भरली तेव्हा मैनाबाई आणि चारुशीला मागे खुर्च्यांवर बसल्या होत्या. चारुशीलानं नकाराचं भाषण तयार करून आणलं होतं. देवाजींनी विचारलं, नाव सांगता की खोली सोडता? आणि ताराचंद उभा राहिला. मैनाबाईंनी त्याचा सदरा मागून ओढला, तो बसला नाही.

"तो मी होय," तो म्हणाला. "रेडिओवाला 'हूं' माह्याच घरचा हाय. आता खोलीचं काय ते बोला."

सभेत असा सुस्कारा निघाला की पंखा फुकट फिरतोय असं वाटलं. सुमंतराव स्वतःहून टाळ्या वाजवायला लागले. लहानूनं ताराचंदला मिठी मारली. खोली रेडिओकडेच राहील, असं देवाजींनी तिथल्या तिथे जाहीर केलं आणि वर सगळ्यांना चहा सांगितला. ताराचंदला पानठेल्यावर लोक 'हूंसाहेब' म्हणू लागले. तो बिचारा पान तोंडात धरून मान हलवायचा, कारण काही बोललं तर 'हूं' निघायची भीती.

मी समजलो, गोष्ट संपली. तुम्हीही समजला असाल. पण बायकांना कोणी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वंदनाबाई पाच-सहा जणींना घेऊन मैनाबाईंच्या दारात हजर. मैनाबाईंना वाटलं अभिनंदनाला आल्या. चहाचं आधण ठेवायला वळल्या, तर वंदनाबाईंनी दारातच तोफ डागली.

"तुह्या मानसाले कोनं सांगतलं होतं खरं बोलाले?"

झालं असं होतं की चोर सापडला म्हटल्यावर बाकी सगळे सुटले. देवाजी सभेतून घरी आले, कूलरसमोर बसले आणि पहिल्या पोळीलाच मोकळ्या मनानं 'हूं' म्हणाले. लहानूचा 'आन' परत आला. सुमंतरावांनी तर बायकोला, वेदिकाला, समजावून सांगितलं की आता आपल्यावर कोणताही आक्षेप उरलेला नाही. बायका पुन्हा गॅसपाशी.

"दोन हप्ते मी मानसासारखी जेवली," वंदनाबाई म्हणाल्या. "तुह्या नवऱ्याचा इमान मले महागात पडला. आता तूच निस्तर."

ताराचंद आत बसून हे ऐकत होता. तो मागच्या दारानं निघून गेला, हे त्यानं शहाणपण केलं.

बुधवारी मैनाबाई गवारीच्या शेंगा घेऊन माइकपुढे बसल्या. लाल दिवा पेटला. शेंग मोडल्याचा टक् आवाज आला. मागच्या गोष्टीतला माणूस सापडला, त्यानं स्वतः हात वर केला, त्याचं कौतुक, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, आज दुसऱ्या घराची गोष्ट. या घरचा माणूस मागची गोष्ट ऐकून घाबरला आणि सुधारला. बायकोला शेजारी बसवून जेवू लागला. मग कोणा दुसऱ्याचं नाव निघालं, आणि हा त्याच दिवशी परत पहिल्यासारखा झाला. म्हणजे बायकोला गरम पोळी मिळत होती ती तिचा हक्क म्हणून नव्हे, याच्या भीतीपोटी. काचेपलीकडे चारुशीला आधी दचकली, मग तिनं मनातल्या मनात नियम तपासला. घटना खरी होती. नाव घेतलेलं नव्हतं. तिनं आवाज थोडा वाढवला.

खाली कार्यालयात देवाजींचा रेडिओ सुरूच होता. ते ताडकन उठले, जिन्याकडे निघाले. अर्ध्या जिन्यात पोचले आणि पाय थबकले. वर जाऊन म्हणणार काय? यावेळी तक्रार करायची तर आधी सगळं कबूल करावं लागत होतं. मागे पावलं वाजली. गळ्यात टेप अडकवलेला लहानू येत होता. त्याच्या मागे, बँकेतून अर्ध्या सुट्टीवर निघालेले सुमंतराव.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वरून गवारीच्या शेंगा मोडल्याचा आवाज येत होता.

"सहज आलो," देवाजी म्हणाले. "गच्चीवरच्या टाकीत पाणी हाय का नाही, पाहाले."

मीही तेवढ्याचसाठी आलो, असं लहानू म्हणाला. सुमंतरावांनी पाण्याचा प्रश्न या दिवसांत फार महत्त्वाचा असल्याचं सांगितलं. मग तिघेही रेडिओच्या दारावरून मान खाली घालून पुढे गेले, भर उन्हात गच्चीवर चढले, त्या खांबाच्या कडेनं जाऊन टाकीचं झाकण उचललं आणि आत डोकावून पाहिलं.

टाकी काठोकाठ भरलेली होती. खोलीचा विषय कोणीच काढला नाही.